बँडिंग करून घरी आलो, आता पुढे?

वाचकांचे प्रश्न : पोट आणि यकृत

मागच्या अंकात लिव्हर सिरोसिसवर लिहिलं तेव्हा वाटलं होतं, प्रश्न दारूचे येतील, आहाराचे येतील. आले ते जवळपास सगळे बँडिंगचे. अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या, फुटल्या, दुर्बिणीतून रिंगा लावल्या, घरी सोडलं, आणि तिथून पुढे घरच्यांना कुणी काही सांगितलं नाही. दवाखान्यातली रात्र सगळ्यांना आठवते. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांबद्दल मात्र कुणालाच नीट माहिती नसते, आणि गडबड होते ती बहुधा तेव्हाच. त्यामुळे या वेळचा सगळा अंक त्यालाच.

प्रश्न : माझे वडील ६२ वर्षांचे, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त. पूर्वी दारू होती, दोन वर्षांपासून बंद आहे. मागच्या आठवड्यात रात्री अचानक रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात एंडोस्कोपी करून सहा रिंगा लावल्या, चौथ्या दिवशी घरी सोडलं. आता गिळताना छातीत दुखतं, कधी कधी नुसतं बसलं तरी दुखतं. हार्टचं तर नसेल? त्या रिंगा काढायला परत जायचं का? आई रात्रभर त्यांच्या उशाशी बसून असते. डिस्चार्ज कार्डावर फक्त मऊ आहार आणि तीन आठवड्यांनी दाखवा, एवढंच लिहिलंय. — एक वाचक, कळवा

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला फार ओळखीचं आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कार्डांवर तेवढंच असतं. म्हणून आधी बाबांना नेमकं काय केलंय ते समजून घ्या, मग कशाला घाबरायचं आणि कशाला नाही हे तुमचं तुम्हालाच कळेल.

आतड्यांकडून येणारं रक्त एका मोठ्या शिरेतून यकृतात जातं. सिरोसिसमध्ये यकृत कडक होतं आणि ही वाट अडते. घोडबंदर रोडला गायमुखपाशी ट्रेलर बंद पडला की गाड्या आतल्या गल्ल्यांत घुसतात, तसं हे रक्त अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या बारीक शिरांमध्ये घुसतं. त्या गल्ल्या एवढ्या रहदारीसाठी बांधलेल्या नसतात. यकृताकडे जाणाऱ्या आणि यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरांमधला दाबाचा फरक एरवी ५ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत असतो. तो १० च्या पुढे गेला की शिरा फुगायला लागतात, १२ च्या पुढे त्या फुटण्याची भीती. बँडिंगमध्ये या गल्ल्या बंद केल्या. ट्रेलर जागेवरच आहे. पुढची सगळी उत्तरं या एका गोष्टीतून निघतात, म्हणून एवढं लांबण लावलं.

रिंगा काढायला जायचं नाही. दुर्बिणीच्या टोकाला एक पारदर्शक टोपी असते, तिच्यावर रबराच्या रिंगा ताणून बसवलेल्या असतात. फुगलेली शीर टोपीत ओढून घ्यायची आणि रिंग सोडायची. शिरेचा तेवढा भाग मुळाशी आवळला जातो, त्याचं रक्त तुटतं, साधारण तीन ते सात दिवसांत, क्वचित जरा उशिरा, तो सुकून गळतो आणि रिंगही त्याच्याबरोबर सुटते. शौचावाटे जाते, दिसतही नाही. मूळव्याधीला रबर लावतात तीच ही कल्पना, ती अन्ननलिकेत आणली अमेरिकेतल्या डेन्व्हरचे सर्जन ग्रेग स्टिगमन यांनी, १९८६ च्या सुमाराला.

रिंग सुटली की त्या जागी एक उथळ व्रण राहतो. हा व्रण प्रत्येकाला होतो, तो व्हायलाच हवा, कारण तो भरताना तिथं वण तयार होतो आणि शीर कायमची बुजते. दोन-तीन आठवड्यांत तो भरून येतो. पण भरायच्या आधी त्यातून रक्तस्राव होऊ शकतो. शंभरातल्या साधारण दोन ते सात जणांना होतो, बहुतेकांना पहिल्या दोन आठवड्यांत. यकृत ज्यांचं जास्त खराब त्यांना जास्त, आणि तुमच्या बाबांसारखं रक्तस्राव चालू असताना घाईत बँडिंग झालेल्यांना, आधीच ठरवून केलेल्यांपेक्षा जास्त. म्हणजे आई जागते आहे ते अगदीच विनाकारण नाही. फक्त तिला कशासाठी जागायचं ते सांगा: डांबरासारखी काळी, चिकट, विचित्र वास येणारी शौचाला झाली, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, उभं राहिल्यावर अंधारी आली, घाम फुटून अंग गार पडलं, तर तडक दवाखाना. बाबांना लोहाच्या गोळ्या चालू असतील तर शौचाला काळपट होतेच. पण ती घट्टसर असते, भांड्याला डांबरासारखी चिकटत नाही. ठरवता येत नसेल तर दवाखान्यात जा, घरात चर्चा करू नका.

आता दुखण्याचं. रिंगा आवळल्यामुळे पहिले दोन-तीन दिवस छातीच्या हाडामागे दुखणं, गिळताना लागणं, घास अडकल्यासारखं वाटणं हे नेहमीचं आहे. व्रण पडल्यावर थोडं पुन्हा वाढतं. थंड दूध, डॉक्टरांनी दिलेलं व्रणावर थर धरणारं पातळ औषध आणि गरज पडली तर पॅरासिटामॉल, एवढ्यावर भागतं. पॅरासिटामॉल सिरोसिसवाल्यांना चालत नाही असं अनेकांना वाटतं. ५०० च्या चार गोळ्यांपर्यंत, म्हणजे दिवसाला २ ग्रॅमपर्यंत, ते बाकी सगळ्या वेदनाशामकांपेक्षा सुरक्षित आहे. चालत नाहीत त्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड या गोळ्या, ज्या तुमच्या शेजारच्या मेडिकलवाल्याकडे अंगदुखी म्हटलं की आपोआप हातात येतात.

हार्टचं नसेल का, हा प्रश्न बासष्टाव्या वर्षी योग्यच आहे. चालल्यावर दुखणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप, असं काही असेल तर बँडिंगचं असेल म्हणून बसू नका, आधी ईसीजी काढा. दुसरी भीती फार क्वचितची पण ठाऊक हवी. खूप जोराची सतत छातीत कळ, बरोबर थंडी वाजून ताप, मान सुजून दाबली की त्वचेखाली कुरकुर लागणं, म्हणजे अन्ननलिकेला भोक पडलेलं असू शकतं. हल्लीच्या साधनांमुळे हे फारच कमी झालंय. आणि तिसरी: पहिल्या दोन दिवसांत थुंकीसुद्धा गिळता येत नसेल, तोंडातून गळत असेल, तर आवळलेल्या फुग्यांनी वाट बंद केली आहे. बहुतेकदा दोन-चार दिवस सलाइनवर राहिलं की आपोआप उघडते, पण ते घरी बसून करायचं काम नाही.

जेवण: पहिला दिवस गार, पातळ. मग पेज, गुरगुट्या भात, वरण, ताकभात, दुधात भिजवलेली पोळी, मऊ अंडं. ज्वारी-बाजरीची कडक भाकरी, चकली, पापड, शेंगदाणे, काटेरी मासळी दोन-तीन आठवडे बाजूला. उपाशी मात्र ठेवू नका. झोपताना काहीतरी खाऊ घालाच. सिरोसिसमध्ये रात्रभराचा उपास शरीराला स्नायू झिजवायला लावतो.

दाब कमी करायची गोळी दिली असेल, कार्व्हेडिलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल, ती बीपीची म्हणून बीपी नॉर्मल आहे तर बंद करू नका. बँडिंगइतकीच ती महत्त्वाची आहे, कारण थोडाफार का होईना, पण अडलेल्या वाटेवरचा दाब उतरवते ती तीच. वरचं बीपी ९० च्या खाली जायला लागलं, लघवी कमी झाली, तर डॉक्टरांना विचारून डोस कमी करायचा. आणि तीन आठवड्यांची तारीख चुकवू नका. एका खेपेत शिरा बुजत नाहीत, दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं परत करावं लागतं, सगळ्या बुजेपर्यंत.

प्रश्न : माझ्या धाकट्या दिरांना नवी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात बँडिंग केलं. सगळं छान झालं म्हणून सांगितलं, बिलही भरलं. नवव्या दिवशी घरी पुन्हा रक्ताच्या उलट्या, आधीपेक्षा जास्त. आयसीयूत ठेवावं लागलं, आता बरे आहेत. डॉक्टर म्हणतात, व्हेरिसेस (फुगलेल्या शिरा) फुटले नाहीत, बँड लावलेल्या जागेतूनच रक्त आलं. म्हणजे त्यांनीच केलेल्या जखमेतून! ही चूक नाही तर काय? यजमान तक्रार करायची म्हणतायत. आणखी एक, सासूबाई म्हणतात, एवढं रक्त गेलं तर यांनी दोनच बाटल्या का चढवल्या? (जाता जाता: दिरांनी मधे कंबर दुखते म्हणून दोन दिवस गोळी घेतली होती, तिचा काही संबंध?) — ऐरोली

उत्तर : ताई, सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही कंसात टाकलंय. कुठली गोळी घेतली ते शोधा. डायक्लोफेनॅक किंवा तसली असेल तर संबंध असू शकतो. तिच्यामुळेच झालं असं मी इथं बसून म्हणणार नाही.

तक्रारीबद्दल सरळ सांगतो. रिंगेच्या व्रणातून रक्त येणं ही या उपचाराची माहीत असलेली गुंतागुंत आहे. चांगल्या हातानं, नीट लावलेल्या रिंगेनंतरही ती होते. रिंग लवकर सुटली, खाली शीर पुरती बुजलेली नाही आणि आतला दाब तसाच जास्त आहे, की होते. त्यामुळे 'त्यांनीच केलेली जखम' हे शब्दशः खरं असलं तरी त्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही.

पण तुम्हाला राग कशाचा आलाय? मला वाटतं, तो सगळं छान झालं या वाक्याचा आहे. ते वाक्य चुकीचंच होतं. पुढच्या दोन आठवड्यांत पुन्हा रक्त येऊ शकतं, अमुक गोळ्या घेऊ नका, अमुक दिसलं तर इकडे या, हे घरी सोडताना सांगायला पाच मिनिटं लागतात. संमतिपत्रावर सही घेताना कुणी समजावलं का, डिस्चार्जच्या कागदावर धोक्याची लक्षणं लिहिली होती का, रात्री फोन करायचा नंबर दिला होता का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. यजमानांना म्हणावं, हे प्रश्न लेखी विचारा, आणि केसपेपरची प्रत मागा. ती द्यावीच लागते. मग तक्रारीचं ठरवा. माझ्या व्यवसायातले लोक माझ्यावर चिडतील, पण न सांगणं ही उपचारातलीच उणीव आहे.

दोन बाटल्यांबद्दल सासूबाईंचा समज बहुतेक घरांत असतो. इथं भरपूर रक्त चढवणं घातक ठरतं. जास्त रक्त चढवलं की त्या अडलेल्या वाटेवरचा दाब वाढतो आणि बंद झालेली जागा पुन्हा सुटते. म्हणून हिमोग्लोबिन ७ ते ८ च्या आसपास ठेवायचं असं जगभरातले तज्ज्ञ धरून चालतात. इटलीतल्या बवेनो गावात १९९० साली पहिल्यांदा हे तज्ज्ञ जमले, तेव्हापासून त्यांच्या शिफारशी त्या गावाच्या नावानं ओळखल्या जातात. त्यातल्या २०२१ च्या सातव्या बैठकीतही हेच आहे. दाब उतरवणारं इंजेक्शन, अँटिबायोटिक आणि बारा तासांच्या आत एंडोस्कोपी, हे रक्ताच्या बाटल्यांपेक्षा जास्त महत्त्वाचं.

व्रणातून रक्त आलं की काय करायचं याला एकच ठरलेला उपाय नाही. कधी नुसत्या औषधांवर थांबतं, कधी पुन्हा रिंग लावता येते, पण मऊ पडलेल्या व्रणावर ती नीट बसत नाही. कधी ग्लू भरतात, कधी आतून दाब देणारी जाळीदार नळी तात्पुरती बसवतात. तरी थांबेना तर रेडिओलॉजिस्ट मानेच्या शिरेतून जाऊन यकृतात दाब उतरवणारा मार्ग काढतात, त्याला टिप्स म्हणतात. ती सोय सगळीकडे नसते. दीर बरे झाले आहेत, तर पुढच्या भेटीत हा प्रश्न विचारा: परत झालं तर आमच्यासाठी तुमचा पुढचा बेत काय? डॉक्टर गडबडले तर दुसरं मत घ्या.

प्रश्न : आई सत्तरीची, आयुष्यात दारूचा थेंब नाही. तरी सिरोसिस निघाला, बँडिंग झालं. शेजारपाजारचे डोळे मोठे करतात. आता घरी आल्यापासून ती दिवसा झोपते, रात्री भांडी आवरत बसते, परवा मला माझ्या आत्याच्या नावानं हाक मारली. वयाचं असेल का? नातेवाईक म्हणतात, अंडी-डाळ बंद करा, लिव्हरला प्रोटीन चालत नाही. — नेरूळ

उत्तर : वयाचं नाही असं आधी धरून चाला. रक्त आतड्यात साचलं की त्याचं अमोनियात रूपांतर होतं, खराब यकृताला तो निस्तरता येत नाही आणि मेंदूवर गुंगी येते. झोपेचं घड्याळ उलटं होणं हे त्याचं अगदी सुरुवातीचं लक्षण. हात पुढे करून पंजे वर उचलायला सांगा. ते फडफडले तर शंका आणखी पक्की होते. आजच दाखवा. दिवसाला दोन-तीन मऊ शौचाला होतील इतकं लॅक्टुलोज (पोट साफ करणारं पातळ औषध), आणि मागं काय लपलंय त्याचा शोध: बद्धकोष्ठ, लघवीचा किंवा पोटातल्या पाण्याचा जंतुसंसर्ग, लघवीच्या गोळीनं आलेली शुष्कता, कुणी प्रेमानं दिलेली झोपेची गोळी, किंवा व्रणातून सावकाश चाललेला रक्तस्राव. शेवटचं नाकारण्यासाठी हिमोग्लोबिन बघायचंच.

अंडी-डाळ बंद करू नका. तो सल्ला जुना झाला आणि त्यानं माणसं खंगतात. वजनाच्या किलोमागं रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत. मूगडाळ, दही, पनीर, अंडं, दिवसभरात थोडं थोडं. बंद करायचं ते वरचं मीठ, लोणचं, सुकी मासळी.

शेजाऱ्यांना सांगून उपयोग नाही, पण तुमच्यासाठी म्हणून: मधुमेह, वजन आणि चरबी साचलेलं यकृत यातून सिरोसिस होतो. माझ्या ओपीडीत या कारणाचे रुग्ण आता दारूवाल्यांच्या शेजारी बसतात, त्यात बायका पुष्कळ. आईची बी आणि सी कावीळ तपासली नसेल तर तपासून घ्या. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर या दोन्हींचा उपचार मोफत आहे, आणि सी तर गोळ्यांनी बरीच होते.

प्रश्न : बेलापूरहून. पोटातल्या शिरेत ग्लू टाकलाय, रिंगा नाहीत. त्याच दिवसापासून कोरडा खोकला आणि हलका ताप आहे.

उत्तर : जठरातल्या मोठ्या शिरांवर रिंग टिकत नाही, म्हणून ग्लू. तो रक्ताला लागताच घट्ट होतो. त्याचा कण क्वचित रक्ताबरोबर फुप्फुसात जातो. थोडा ताप पहिले एक-दोन दिवस चालतो. पण खोकल्याबरोबर धाप असेल, बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन कमी दिसत असेल, तर छातीचा एक्सरे आणि गरजेप्रमाणे सीटी आजच. ताप टिकला तर रक्ताचं कल्चर. ग्लूचा गोळा पुढे काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी जठरात गळून पडतो. तेव्हाही थोडी भीती असतेच, पुढची एंडोस्कोपी चुकवू नका.

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा. यकृताकडे जाणारी शीर लहानपणीच गुठळीनं बंद झालीय म्हणतात. दोनदा बँडिंग झालं. प्लीहा मोठी आहे. शाळेत खेळू द्यायचं का? याचा शेवट काय? रात्री झोप लागत नाही. — एक आई, कोपरखैरणे

उत्तर : ताई, वरची सिरोसिसची तिन्ही पत्रं तुमच्या मुलाला लागू नाहीत. त्याचं यकृत चांगलं आहे, वाट यकृताच्या अलीकडे अडली आहे. आपल्या देशात लहान मुलांना रक्ताची मोठी उलटी होण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. यकृत शाबूत असल्यानं रक्त गेलं तरी ही मुलं मोठ्यांपेक्षा खूप चांगली सावरतात, गुंगी-पोटात पाणी वगैरे बहुधा होत नाही, झालं तरी ओसरतं. शिरा पूर्ण बुजेपर्यंत बँडिंग, मग वर्षातून एकदा-दोनदा नजर, कारण त्या परत उगवतात, कधी जठरात.

धावू द्या, पोहू द्या, सायकल चालवू द्या. कबड्डी, कुस्ती, जिथं पोटावर गुडघा बसेल ते नको. मोठी प्लीहा फुटू शकते. शाळेच्या पीटीच्या सरांना लेखी द्या. आणि घरातली तापाच्या औषधाची बाटली उलटून वाचा. पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड मिसळलेली सिरपं सर्रास मिळतात. ती त्याला नाहीत, कधीच. तापानंतर झालेल्या रक्ताच्या उलटीत मी पहिल्यांदा तेच विचारतो.

बुजून पुन्हा पुन्हा येत असेल, वाढ खुंटत असेल, प्लीहा फारच मोठी असेल तर वाट वळवायची शस्त्रक्रिया असते. काही मुलांत बंद शिरेच्या पलीकडे थेट यकृतातच रक्त नेऊन जोडता येतं, आणि ते जमलं तर मूळ बिघाडच दुरुस्त होतो. मुलांच्या यकृताचं काम करणाऱ्या सर्जनना एकदा दाखवून ठेवा, आत्ता, शांत असताना. झोपेचं माझ्याकडे औषध नाही. पण तुमच्या मुलाला मोठा होताना तुम्ही बघणार आहात असं मी कोणत्याही आडपडद्याशिवाय लिहू शकतो.

प्रश्न : मला फार पूर्वी अन्ननलिकेत इंजेक्शनं दिली होती, रिंगा नव्हत्या. आता पोळी-भाकरी अडकते, पाणी प्यायलं की उतरते. — नौपाडा

उत्तर : त्या काळी तोच उपचार होता. शीर दाहक औषध टोचून बुजवायची ही पद्धत १९३९ मध्ये स्वीडनमधल्या क्राफोर्ड आणि फ्रेंकनर यांनी पहिल्यांदा केली आणि रिंगा येईपर्यंत ती जगभर चालली. तिनं असंख्य जीव वाचले. पण औषध शिरेबाहेर, स्नायूत गेलं की खोल व्रण, ताप, छातीत पाणी आणि नंतर वण आकसून अन्ननलिका अरुंद होणं हे सगळं रिंगांपेक्षा कितीतरी जास्त होत असे. रिंगांनी ती मागं पडली ती मुख्यतः याच कारणानं. तुमचं अरुंद होणं फुग्यानं किंवा नळीनं टप्प्याटप्प्यानं मोठं करता येतं. मात्र जुन्या इंजेक्शनचंच असणार असं घरी ठरवू नका. घन पदार्थ अडकणं या वयात नव्यानं सुरू झालं असेल तर तुकडा काढून कॅन्सर नाही ना, हे आधी बघायचं.

प्रश्न : बँडिंगनंतर ॲसिडिटीची गोळी आयुष्यभर घ्यायची का? आणि शेजाऱ्यांनी गुळवेलचा काढा दिलाय, लिव्हरला चांगला म्हणून. — घणसोली

उत्तर : ॲसिडिटीची गोळी व्रण भरेपर्यंत, थोडक्यात काही आठवडे. ती व्रण लहान ठेवते. आयुष्यभर घेतली तर सिरोसिसमध्ये पोटातल्या पाण्याला जंतुसंसर्ग व्हायची शक्यता वाढते. दुसरं काही कारण नसेल तर ती थांबवायची आठवण तुम्हीच करून द्या. प्रिस्क्रिप्शनवर एकदा चढलेली गोळी उतरवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. काढा ठेवून द्या. २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेले रुग्ण नोंदवले. त्यावर आयुष मंत्रालयानं आक्षेपही घेतला, वाद झाला. आधीच कमकुवत यकृतावर तो वाद सोडवून बघायची काही गरज नाही.

प्रश्न : पाच दिवस झाले. मामलेदारची मिसळ कधी? — ठाणे, राममारुती रोड

उत्तर : तीन आठवड्यांनी, तीही मध्यम. तिखटानं शिरा फुटतात याला आधार नाही, पण उघड्या व्रणावर तो रस्सा गेला तर तुम्हाला माझी आठवण येईल, आणि ती चांगल्या शब्दांत नसेल. पाव मऊ आहे, फरसाण नाही, ते वगळा. मिठाचं पथ्य असेल तर अर्धीच.

प्रश्न : बँडिंग होऊन गणपतीच्या दिवशी बरोबर आठवडा होतो. गावी गुहागरकडे दरवर्षी जातो, मूर्ती आमच्याकडेच बसते. तब्येत ठणठणीत आहे, काही दुखत नाही. मुलगा गाडी चालवणार आहे, मला फक्त बसायचंय. — मानपाडा, ठाणे

उत्तर : जाऊ नका. दुखत नाही याचा अर्थ व्रण भरला असा होत नाही. तुमच्या रिंगा नेमक्या त्याच सुमाराला सुटणार आहेत. प्रश्न प्रवासाच्या धक्क्यांचा नाही. प्रश्न आहे तो रक्त आलं तर किती वेळात कुठं पोहोचाल याचा. गणपतीच्या गर्दीत मुंबई–गोवा महामार्गावर वडखळ किंवा माणगावला अडकलेल्या गाडीत रक्ताची उलटी झाली तर मुलगा काय करणार? गावात पोहोचलात तरी रात्री दोन वाजता एंडोस्कोपी करून रिंग लावणारा माणूस किती अंतरावर आहे, याची चौकशी केलीत का?

या वर्षी पूजेला मुलाला बसवा. मोबाइलवरून आरती बघा. दुसरी एंडोस्कोपी होऊन डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की माघी गणपतीला किंवा शिमग्याला जा, खुशाल जा.

ठाण्यातच थांबलात तरी एक काम आजच करा. घराजवळच्या दोन-तीन रुग्णालयांना फोन करून विचारा, रात्री एंडोस्कोपी होते का. ज्यांचं उत्तर स्पष्ट 'हो' असेल त्यांचा नंबर फ्रीजवर चिकटवा. नुसता आयसीयू असून भागत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते रुग्णालय आहे का, हेही तिथल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या. रात्री ते विचारायला कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. उलटी झालीच तर डाव्या कुशीवर झोपवायचं, पाणी, बर्फ, हळद-मिठाचं काही द्यायचं नाही, १०८ ला फोन करायचा, बँडिंगचा कागद आणि गोळ्यांची पिशवी बरोबर घ्यायची. दारात पोहोचल्यावर पहिलं वाक्य: यांना अमुक तारखेला बँडिंग झालंय. घाईगर्दीत कुणी नाकातून नळी घालायला आलं तर हेच परत सांगा, रिंगांच्या जागी ती आंधळेपणानं ढकलायची नसते.